पहिल्या तक्रारीनंतर सरकार कुठे असतं?

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाला. पोलीस ठाणं तिथून हाकेच्या अंतरावर. आरोपी तीन दिवस शिरूर तालुक्यात शेताशिवारात लपून राहिला आणि ड्रोन, श्वानपथकं, गावकरी त्याला शोधत फिरत होते. त्या तीन दिवसांत पुण्यात जो वाद पेटला, तो आजही तिथंच अडकला आहे. एक बाजू म्हणते, भर चौकात फाशी द्या, खटले कशाला चालवता. दुसरी म्हणते, कायद्यानं काय होतं, घरात संस्कार हवेत. तिनं आरडाओरडा का केला नाही, असं विचारणारेही मधल्यामध्ये निघाले. त्यांच्यावर मी शब्द खर्च करणार नाही. मला बोलायचंय ते पहिल्या दोन बाजूंशी, कारण दोन्हीकडे कळकळीची माणसं आहेत आणि दोन्ही बाजू नकळत सरकारला मोकळं सोडतात. फाशी मागणारा असं धरून चालतो की सरकारचं काम गुन्हा घडून गेल्यावर सुरू होतं. संस्कार मागणारा ते काम आईबापांच्या आणि शाळेतल्या बाईंच्या गळ्यात घालतो. गुन्ह्याआधीचे महिने, वर्षं आणि त्या काळात कुणी कुणी कुठली दारं ठोठावली, याचा हिशेब दोघंही मागत नाहीत.

मी तो मागते आहे. बायकामुलींवरची हिंसा होऊच नये यासाठी खपणं हे सरकारचं रोजचं काम आहे, पाणीपुरवठा आणि लसीकरण असतं तसं. त्याला पगारी माणसं लागतात, पैसा लागतो, मोजमाप लागतं आणि काम चुकलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. नेत्यांची श्रद्धांजली आणि ८ मार्चचे फलक यांत हे काम येत नाही. जगात ज्या देशांनी आणि ज्या वस्त्यांनी थोडंफार यश मिळवलंय, त्यांनी ते अशाच कंटाळवाण्या, चिकाटीच्या कामातून मिळवलंय.

आधी हिंसा कुठं होते ते पाहू, कारण आपला सगळा वाद रस्त्यावरच्या अनोळखी पुरुषाभोवती फिरतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ५१,१०० बायका आणि मुली त्यांच्या जोडीदाराकडून किंवा घरच्यांकडून मारल्या गेल्या. म्हणजे दिवसाला १४०. त्या वर्षी जाणूनबुजून मारल्या गेलेल्या बायकांपैकी हे प्रमाण ६० टक्के होतं. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत बायकांविरुद्धचे साधारण साडेचार लाख गुन्हे आहेत. त्यांतला सर्वांत मोठा हिस्सा, जवळजवळ एक तृतीयांश, नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा. बलात्काराच्या शंभर गुन्ह्यांपैकी नव्वदहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीतलाच असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारातल्या एकीनं नवऱ्याची मारहाण किंवा छळ सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी. आगारातल्या बंद पडलेल्या गाड्या हलवल्या, सुरक्षारक्षक बदलले, दिवे लावले, हे सगळं करायलाच हवं होतं. पहाटे एकट्या बाईला बस पकडता यायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सरकारी धोरण म्हणून आपण कॅमेरे, दामिनी पथक आणि गुलाबी रिक्षा यांवरच थांबलो, तर ज्या घरात दार लावून मार बसतो, तिथवर आपण पोहोचतच नाही.

आता फाशीचा मुद्दा. त्यामागचा राग खरा आहे आणि त्याला आधारही आहे. बलात्काराच्या खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण देशात जेमतेम चारात एक इतकं आहे, आणि निकाल लागेपर्यंत मुलीची शाळा संपून जाते. शिक्षाच होत नाही म्हणून पुरुष निर्ढावतात, हे म्हणणं मला मान्य आहे. मात्र पुण्याचाच अनुभव पाहा. २००७ च्या नोव्हेंबरात बीपीओत काम करणारी एक तरुणी कंपनीच्या कॅबमधून रात्रपाळीला निघाली. चालकानं आणि त्याच्या साथीदारानं तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. फाशी झाली, वरच्या न्यायालयांनी ती कायमही केली. मग दयेचा अर्ज आणि त्यानंतरचे कागद सरकारी टेबलांवर इतके रेंगाळले, की २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याच विलंबापायी फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम ठेवलं. म्हणजे कठोरातली कठोर शिक्षा सुनावूनही सरकारी यंत्रणेचा वेग होता तोच राहिला. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं महिन्याभरात, जानेवारी २०१३ मध्ये, अहवाल दिला. तेव्हाही देशभर फाशीचीच मागणी होती. समितीनं बलात्काराला फाशी सुचवली नाही. पोलिसांनी तक्रार नोंदवलीच पाहिजे आणि वैवाहिक बलात्काराची सूट काढली पाहिजे, असं मात्र ठासून सांगितलं. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यात फाशी होती. ते विधेयक कधी कायदा झालंच नाही. त्या काळात सरकारांना सांगायला एक गोष्ट मिळाली आणि आपल्याला ऐकायला.

शिक्षेच्या धाकानं काय होतं, याचा एक धडा याच शहरानं १८९७ मध्ये घेतला आहे. प्लेग आला, प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरात शिरले, रोगी ओढून नेले, सामान रस्त्यावर फेकलं, बायकांच्या अंगाला हात लावायलाही कचरले नाहीत. रोग थांबवण्याचा हेतू होता हे मान्य केलं तरी परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपवले. माळ्यावर, मागच्या खोलीत, नातेवाइकांच्या गावी. मेलेलं माणूससुद्धा लपवलं. सरकारचा हात जितका जड, तितका रोग आत दडला. आता कल्पना करा, बारा वर्षांच्या मुलीला तिचा सख्खा काका त्रास देतोय. तिनं तोंड उघडलं तर काका फासावर जाणार आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आजी तिला बोलू देईल? आई देईल? जिथं दहातले नऊ आरोपी ओळखीचे, तिथं शिक्षा जितकी भयंकर, तितका घरातून तोंड बंद ठेवण्याचा दबाव वाढतो. खटला वेगानं चालणं आणि शिक्षा होणारच ही खात्री असणं, याची मी पूर्ण बाजू घेते. पण ती खात्री शिक्षेचा आकडा वाढवून मिळत नाही. ती मिळते ठाण्यातल्या पहिल्या तासात. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुरड्या मुलींचे आईवडील गुन्हा नोंदवून घ्यावा म्हणून तासन् तास ताटकळले. महिन्याभरानं आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला, पेढे वाटले गेले, आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पोलिसांवरच ठपका ठेवला. त्या ताटकळलेल्या तासांचं काय, हा प्रश्न पेढ्यांसोबत गिळला गेला.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं जास्त विचारी वाटतं, म्हणून त्याचा समाचार जास्त काळजीपूर्वक घ्यायला हवा. मनं बदलल्याशिवाय काही बदलत नाही आणि मनं बदलणं सरकारला जमत नाही, असं ते म्हणतात. हा वाद पुण्याला नवा नाही. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला गाजला. नवऱ्याच्या शरीरसंबंधानं ती दगावली होती. संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा आला, आणि पुणं दुभंगलं. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारनं आमच्या घरात शिरू नये, सुधारणा शिक्षणातून आणि लोकमतातून व्हावी. आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. भांडारकरांनी शास्त्रांचे आधार काढून दाखवले. कायदा १८९१ मध्ये झाला. आणि इथं टिळकांच्या बाजूचं एक म्हणणं मान्य करायलाच हवं: तो कायदा बराचसा कागदावरच राहिला. सरकारनंच तो जपून वापरायचं ठरवलं, आणि बालविवाह तसेच चालू राहिले. नुसत्या कायद्यानं माणूस बदलत नाही, हे खरं ठरलं. पण लोकमत तयार होईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर त्या थांबण्याची किंमत कुणी मोजली असती? ज्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता त्या दहा वर्षांच्या मुलींनी. आजही 'हळूहळू समाज बदलेल' असं जो सांगतो, त्याला मी एवढंच विचारते, की मधल्या काळातल्या बायकांना काय सांगायचं?

त्या वादाच्या आधी, १८६३ मध्ये, याच शहरात तिसरा रस्ता दाखवला गेला होता, आणि आपण तो जयंत्यांपुरता आठवतो. काशीबाई नावाची एक तरुण विधवा फसवली गेली, तिला दिवस गेले, मूल झालं आणि लोकलाजेनं तिनं ते मारलं. कायद्यानं आपलं काम चोख केलं: काळ्या पाण्याची शिक्षा. संस्कारांनीही आपलं काम चोखच केलं होतं, त्यांच्याच धाकानं तिनं ते केलं होतं. ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी दोन्ही बाजूंना प्रवचन दिलं नाही. आपल्या घरात बालहत्याप्रतिबंधक गृह काढलं आणि शहरात जाहिराती लावल्या, की विधवांनी इथं गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावं. पत्ता, खाट, सुईण, गुप्ततेची हमी. गुन्हा होण्याआधीच्या क्षणी ती बाई कुठं उभी आहे ते त्यांनी पाहिलं आणि तिथं एक दार उघडलं. आज पुणे जिल्ह्यात एखादी बाई त्याच क्षणाला उभी असेल, तर तिच्यासमोर कुठलं दार उघडतं?

मी एक दार जवळून पाहिलं आहे. शहराच्या दक्षिणेकडच्या एका चौकीत ओळखीच्या एका ताईंना सोबत म्हणून गेले होते. सोसायट्यांमध्ये पोळ्या करणाऱ्या. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, तीत सरकारी दवाखान्याचा केसपेपर, मुलाचा बोनाफाइड, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि आधीच्या दोन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारींच्या नोंदी, घडीवर फाटायला आलेल्या. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पाणी आणायला सांगितलं, आणि विचारलं, "ताई, लग्नाला किती वर्षं झाली? चौदा? मग आता कशाला? साहेबांना सांगून त्याला बोलावून दम देतो." तिसरी एनसी झाली. आधीच्या दोन एनसी पिशवीतून बाहेर काढून मी टेबलावर ठेवल्या, त्यांवरच रजिस्टर ठेवून त्यानं लिहिलं. त्या दोन कागदांवर मारहाणीच्या तारखा होत्या. दोन्हींतलं अंतर कमी होत चाललं होतं. पण ते वाचणं हे त्या टेबलावर कुणाचंच काम नव्हतं. संरक्षण अधिकारी नावाची एक व्यक्ती असते, तिनं अहवाल करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो, बाईला राहत्या घरातून कुणी काढू शकत नाही असा आदेश मिळू शकतो, यातलं एक अक्षर तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते इतकंच, की मुलांकडं बघा.

हे सगळं ज्यात आहे तो कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात लिहिलंय की अर्ज आल्यावर पहिली तारीख तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा. कुणालाही फासावर न चढवता बाईला घर, पोटगी आणि संरक्षण देणारा हा दिवाणी स्वरूपाचा मार्ग आहे. आणि मे २०२५ मध्ये, म्हणजे एकोणीसाव्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा. एकोणीस वर्षं! या अवधीत किती वेळा फाशीची विधेयकं आली, किती मोर्चे निघाले, किती मेणबत्त्या लागल्या. तालुक्याला संरक्षण अधिकारी द्या, म्हणून मोर्चा निघालेला कुणी पाहिला का? जी मागणी लागलीच पुरी होऊ शकते ती मागायची आपल्याला सवयच राहिलेली नाही.

'सरकारला मनं बदलता येत नाहीत' या म्हणण्याला माझं सर्वांत ठोस उत्तर बाळंतपणाचं आहे. आपल्या आजीच्या पिढीत बाई बाळंतपणात गेली तर लोक नशीब म्हणायचे. तेही घरातलं, खाजगी, बायकांचं दुखणं मानलं जायचं. दवाखान्यात न्यायचं की नाही हे सासू ठरवायची. सरकारनं आधी सासूचं मन बदलण्याची वाट पाहिली नाही. आशाताई नेमल्या, १०८ ची गाडी दिली, संस्थेत बाळंतपण केलं तर पैसे दिले, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मातामृत्यूची चौकशी लावली: कुठं उशीर झाला, घरात, वाटेत की दवाखान्यात? २००१-०३ मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या; २०१८-२० पर्यंत तो आकडा ९७ वर आला. महाराष्ट्रात ३३. यंत्रणा आधी उभी राहिली, मनं तिच्या मागोमाग बदलत गेली. मार खाऊन मरणाऱ्या बाईच्या बाबतीत हे का जमू नये? तिच्या मरणाला आपण अजून नशीबच म्हणतो, फक्त शब्द बदललेत: 'घरगुती वाद'.

बाहेरच्या जगातही रस्ता असाच सापडला. स्पेनमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आना ओरांतेस ही साठ वर्षांची बाई टीव्हीवर आली आणि तिनं चाळीस वर्षांच्या माराची कहाणी सांगितली. तिनं वारंवार तक्रारी केल्या होत्या. घटस्फोट देताना न्यायालयानं दोघांना एकाच घराच्या वरखाली राहायला लावलं होतं. कार्यक्रमानंतर दोनच आठवड्यांच्या आत त्या माजी नवऱ्यानं तिला जिवंत जाळलं. स्पेन हादरला, आणि मग वाद घालत घालत कामाला लागला. २००४ मध्ये संसदेनं एकमतानं कायदा केला, स्वतंत्र न्यायालयं उभारली. २००७ पासून तक्रार आली की पोलिसांना ठरलेली प्रश्नावली भरून धोका किती हे ठरवावं लागतं: हत्यार दाखवलं का, गळा धरला का, मार वाढतोय का, तिनं सोडून जायचं ठरवलंय का. त्यावर ठरतं की तिच्याशी संपर्क किती वेळा ठेवायचा. २००३ पासून तिथं जोडीदारानं मारलेल्या प्रत्येक बाईची सरकारी मोजणी होते. त्या वर्षी सत्तरहून अधिक होत्या, अलीकडच्या वर्षांत पन्नासच्या आसपास. हे पुरेसं नाही, आणि 'कमी धोका' असा शिक्का बसलेल्या काही बायकाही तिथं मारल्या गेल्या. तरीही फरक लक्षात घ्या: तिथं अशी बाई मेली की चूक शोधायला जागा असते, कारण शिक्का कुणी, केव्हा, कशावरून मारला हे लिहिलेलं असतं.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यातल्या भुकूमच्या एका सुनेचा मृत्यू झाला. ५१ तोळे सोनं, फॉर्च्युनर आणि वर आणखी पैशांची मागणी, असे आरोप झाले. खटला न्यायालयात आहे, दोष कुणाचा ते तिथं ठरेल. त्या वेळी सगळी चर्चा गाडी आणि सोन्याभोवती फिरली. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट रुतून बसली. त्याच घरातल्या थोरल्या सुनेनं आधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पोलिसांकडे आणि राज्य महिला आयोगाकडे तक्रार केली होती. म्हणजे त्या घराचा पत्ता सरकारकडे सहा महिने होता. १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या विवाहितेच्या मृत्यूच्या प्रकरणात पुणं ढवळून निघालं, तेव्हा तिनं आपली कैफियत बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रांतून लिहिली होती. सरकारला कळायला मार्ग नव्हता असं निदान म्हणता येत होतं. त्यातूनच विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी बायका एकत्र आल्या, नारी समता मंच उभा राहिला, बायकांनी येऊन बोलावं अशी जागा झाली. २०२४ च्या सुनेनं मात्र थेट सरकारलाच सांगितलं होतं.

आता संस्कारवाल्यांच्या म्हणण्यातला खरा भाग घेते, कारण तो मोठा आहे. नुसती यंत्रणा उभारून पुरुषाचा हात खाली येत नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी बायकोला मारणं योग्य ठरवलं: न सांगता बाहेर गेली, सासूशी नीट वागली नाही. हे बदलायलाच हवं. पण बदलायचं म्हणजे काय करायचं, हेही आता माहीत आहे. युगांडात कंपालाच्या वस्त्यांमध्ये 'सासा' नावाचा कार्यक्रम काही वर्षं चालला. शेजारपाजारचेच बायका-पुरुष, दुकानदार, पोलीस, दवाखान्यातली माणसं यांनी सत्ता कुणाची आणि कशी वापरायची यावर वस्तीत सतत बोलत राहायचं. नंतर तुलना केली तेव्हा त्या वस्त्यांमध्ये जोडीदाराकडून होणारी मारहाण इतर वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी निघाली. दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपोमध्ये बचतगटासारख्या छोट्या कर्जाबरोबर हिंसा आणि आरोग्यावरच्या बैठका जोडल्या. दोन वर्षांत हिंसा निम्म्याहून कमी झाली. हरियाणात ३१४ सरकारी शाळांच्या अभ्यासात त्यांतल्या १५० शाळांमध्ये सातवी ते दहावीच्या मुलामुलींशी अडीच वर्षं नियमित तास घेतले, बाकीच्या तुलनेसाठी ठेवल्या. मुलांची मतं बदलली, मुलगे घरकामाला हात लावू लागले आणि तास संपल्यावरही दोन वर्षं तो बदल टिकला. मुंबईत शाळेच्या क्रिकेट प्रशिक्षकांना हाताशी धरून मुलग्यांशी बोलण्याचा 'परिवर्तन' हा प्रयोग झाला. पुण्यात नारी समता मंचानं पुरुषांसाठी संवाद केंद्र चालवलं. यांतल्या कुठल्याच कामाला 'संस्कार हवेत' एवढं म्हणून भागलं नाही. प्रशिक्षण दिलेली माणसं लागली, वेळापत्रक लागलं, वर्षानुवर्षं पैसा लागला. माणसाचं मन बदलणं हेही शेवटी कुणाच्या तरी पगारी कामाच्या तासांतच होतं, आणि ते तास आज कुठल्या अंदाजपत्रकात आहेत?

पैशाचा प्रश्न आला की राज्य कर्जात आहे असं सांगतात. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये ऑगस्ट २०२४ पासून बायकांच्या खात्यात जाऊ लागले. मी त्या पैशाच्या विरोधात नाही. हातात स्वतःचे पैसे असले की बाईला रिक्षाचं भाडं देऊन माहेर गाठता येतं, हे मी पाहिलंय. पण लिंपोपोचा धडा असा, की पैशासोबत बैठक असेल तर पैसा दुप्पट काम करतो. गावोगावचे बचतगट, माविमचं (महिला आर्थिक विकास महामंडळाचं) जाळं, अंगणवाडीच्या सेविका हे सगळं महाराष्ट्रात तयार आहे. सेविकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, ही त्यांची तक्रार रास्त आहे. त्यांच्यावर आणखी एक नोंदवही टाकून हे होणार नाही, वेगळी माणसं नेमावी लागतील. त्याचा नमुनाही इथलाच आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईत पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्त्या बसवल्या. ते विशेष कक्ष पुढे राज्यभर गेले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत ही आरोग्यावर काम करणारी संस्था यांनी दिलासा केंद्र सुरू केलं, तिथं 'जिन्यावरून पडले' म्हणणाऱ्या बाईला नर्स बाजूला घेऊन पुन्हा विचारते. हे कक्ष, ही केंद्रं प्रत्येक ठाण्यात आणि प्रत्येक मोठ्या दवाखान्यात का नसावीत?

एक आक्षेप तरुण पुरुषांकडून फार पोटतिडकीनं येतो: खोट्या केसेस. त्याला हसण्यावारी नेणाऱ्यांशी मी सहमत नाही. सासरच्या म्हाताऱ्या माणसांना, लग्न होऊन गेलेल्या नणंदेला सरसकट गुन्ह्यात गोवल्याची उदाहरणं आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा प्रकरणांत सरसकट अटक करू नका असं बजावलं, ते योग्यच होतं. पण हे का होतं, त्याचाही विचार करा. पहिली कानफटात बसली तेव्हा त्या बाईला कुणी उभं केलं नाही. दुसऱ्या वेळी एनसी झाली. पाच वर्षांनी ती वकिलाकडे जाते तेव्हा सगळ्यांची नावं घातल्याशिवाय पोलीस हलणार नाहीत, असं तिला सांगितलं जातं. सौम्य उपाय वेळेवर मिळाला नाही की उरतो तो फक्त फौजदारीचा बडगा. ज्या पुरुषांना या बडग्याची भीती वाटते, त्यांनी तर संरक्षण अधिकारी आणि समुपदेशक यांची मागणी सर्वांत मोठ्यानं करायला हवी.

मोजमापाबद्दल एक सावधगिरीचं बोलते, कारण चांगलं काम करणारं सरकार इथंच मार खातं. दारं उघडली की आधी तक्रारी वाढतात. ठाण्यातले आकडे वाढले की विरोधक ओरडतात, 'कायदा-सुव्यवस्था ढासळली', आणि पुढचा अधिकारी एनसीसुद्धा टाळायला शिकतो. म्हणून ठाण्यातल्या आकड्यांवर कुणालाही जोखू नये. दर काही वर्षांनी घरोघर जाऊन बायकांनाच विचारावं आणि त्यावर सरकारला जाब विचारावा. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारनं दहा वर्षांत बायकामुलींवरची हिंसा निम्म्यावर आणायचं जाहीर केलं आहे. तिथल्याच राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी जानेवारी २०२५ मध्ये, आधीच्या सरकारी धोरणांनी परिणाम सुधारले नाहीत, असं रोखठोक लिहिलं. ते उद्दिष्ट गाठलं जाईल की नाही ते पुढं दिसेल. पण लेखापरीक्षकानं 'बायका किती सुरक्षित झाल्या' असं सरकारला विचारावं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे निर्भया निधी २०१३ मध्ये हजार कोटींनी सुरू झाला आणि तेव्हापासून चर्चा होते ती किती खर्च झाला याचीच. कुणाचा जीव वाचला, याची नाही.

यासाठी पुणे जिल्ह्याला नवा कायदा लागत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०११ पासून घरातल्या हिंसेत कुणी मेलं की पोलीस तपासाखेरीज वेगळा आढावा घेणं बंधनकारक आहे: ती व्यक्ती कुणाकुणाकडे गेली होती, कुणाला काय माहीत होतं, कुठं हात आखडला. आपल्याकडे मातामृत्यूंसाठी अशी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर बसतेच. लग्नाच्या घरात झालेल्या प्रत्येक संशयास्पद मृत्यूसाठी तशीच समिती बसवावी. तीत पोलीस, संरक्षण अधिकारी, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, महिला आयोगाचा प्रतिनिधी आणि बायकांसोबत काम करणाऱ्या संस्थेचं एक माणूस असावं. आरोपी कोण हे ठरवायला ती नाही, ते न्यायालय बघेल. आधीच्या एनसी, केसपेपर, अर्ज, हेल्पलाइनला केलेले फोन सगळं एका टेबलावर ठेवून तारखा लावायच्या, आणि नव्वद दिवसांत, नावगाव काढून, अहवाल जाहीर करायचा. पहिली फाइल मुळशीची घ्यावी, आणि पहिला प्रश्न नोव्हेंबर २०२४ चा विचारावा: ती तक्रार ज्या टेबलावर आली, तिथून ती पुढं कुठं गेली?